डोळे मिटलेले: हो / नाही

२ फेब्रुवारी

ही वही मागच्या वर्षीची प्रॅक्टिकलची जर्नल आहे. पहिल्या बावीस पानांवर लाल शेरे, बाकीची पानं कोरी. नापास झालेल्या वहीत दैनंदिनी कोण लिहितं? पण नवी वही मागितली असती तर आईने विचारलं असतं, ‘अभ्यासाची ना?’ आणि मला सकाळी सकाळी खोटं बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा ही बरी.

तर गोष्ट अशी आहे. शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयाचं प्रॅक्टिकल वीस मार्चला आहे. लेखी मी मागेच काढलंय. प्रॅक्टिकलला आपटले होते. दुसऱ्यांदा आपटले तर फिजिओथेरपीच्या यादीतून नावच काढतात, तिसरी संधी नाही. ऑफिसातल्या क्लार्कने मला हे खिडकीतून दोनदा सांगितलं, जसं काही पहिल्या वेळी मी हसले होते.

मागच्या वेळी काय झालं ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा आठवायला नको. वीस टेबलं असतात. प्रत्येकावर एक हाड नाहीतर एक अवयव. मिनिटाला घंटा, घंटा झाली की पुढचं टेबल. सातवं टेबल विश्रांतीचं, त्यावर काहीच नसतं. मी घाबरून त्या रिकाम्या टेबलाचंही उत्तर लिहिलं. ‘प्लीहा.’ तिथून पुढची माझी सगळी उत्तरं एक घर सरकली. परीक्षकांना वाटलं असेल, या मुलीला कवटी आणि गुडघा यांत फरक कळत नाही.

या वर्षी शंभरातले चाळीस गुण घरी करायच्या कामाला आहेत. स्पर्शज्ञानाचा तक्ता. घरातला एक माणूस घ्यायचा, त्याच्या एका हाताला बारा वेळा तपासायचं. टाचणीचं टोक लावायचं, मग टाचणीचं डोकं लावायचं, आणि त्याने सांगायचं, टोक की बोथट. नंतर कंपासच्या दोन टोकांनी, एक टोचलं की दोन.

‘मी बसतो,’ असं बाबा लगेच म्हणाले. आई म्हणाली, ‘तुम्ही कशाला? मी बसते की.’ बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती उठून आत गेली. आमच्याकडे मतभेद असे बिनआवाजाचे असतात.

५ फेब्रुवारी

पहिली बैठक झाली. बाहेरची खोली म्हणजे बाबांचं शिवणाचं दुकान. दुपारी एक ते दोन गिऱ्हाईक नसतं. कापायच्या टेबलावर मी टाचण्या मांडल्या. टाचण्या तरी घरात कमी नाहीत.

मी म्हटलं, ‘डावा हात द्या.’

‘उजवा नाही का चालणार?’

‘माझा नंबर चौतीस. समसंख्येला डावा हात.’

‘असं का?’

‘बाबा, मी ठरवलेलं नाही. कॉलेजने ठरवलंय.’

मग दिला डावा हात. तक्त्याच्या दर पानावर वरती छापलंय, ‘डोळे मिटलेले: हो / नाही’. त्यांनी मिटले. अंगठ्यापासून सुरुवात करून करंगळीकडे जायचं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळं छान आलं. पुढे मात्र चुकायला लागले. पाच वेळा चूक. दोनदा तर गप्पच बसले. मी पाच फुल्या मारल्या.

तेव्हा ते डोळे उघडून म्हणाले, ‘अगं, डोळे मिटले की मला पेंग येते. सकाळपासून वाकून बसलोय. उघडेच असू देत, मी हाताकडे बघणारच नाही. तिकडे भिंतीकडे बघतो.’ आणि मान वळवून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले, जिथे गिऱ्हाइकांचा मोठा आरसा आहे. पुन्हा केलं. सगळंच्या सगळं बरोबर.

मला हायसं वाटलं. पेंगणाऱ्या माणसाची उत्तरं काय कामाची? आणि दुसरीकडे बघणं म्हणजे मिटल्यासारखंच की. पाच फुल्या रबराने खोडल्या, ‘हो’ वर खूण केली.

११ फेब्रुवारी

आज घरात जळका वास. बाबा कोटाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होते, डाव्या हाताने कापड पसरत पुढे, उजव्या हाताने इस्त्री मागे. इस्त्री हाताला लागली. करंगळीच्या बाजूला हा एवढा फोड. आणि माणूस इस्त्री फिरवतोच आहे. मीच ओरडले, ‘बाबा, हात.’ तेव्हा कुठे खाली बघितलं.

‘लक्ष नव्हतं,’ म्हणाले.

चाळीस वर्षं इस्त्री करणाऱ्या माणसाचं लक्ष नव्हतं. आईने मलम लावलं. ती फुंकर घालत होती आणि बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला माझीच काळजी लागली, मी चक्क विचारलं, ‘उद्याची बैठक होईल ना?’ आता लिहिताना लाज वाटतेय, पण विचारलं हे खरं. बाबा म्हणाले, ‘न व्हायला काय झालं?’

१४ फेब्रुवारी

कंपासची बैठक. आणि आज मला बाबांचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. पुस्तकात लिहिलंय, बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तर माणसाला दोन टोकं वेगळी कळतात. तळहाताला आठ-दहा. कोपराखाली तर तीस-चाळीस लागतात, त्यापेक्षा जवळ असली तर एकच टोचल्यासारखं वाटतं. बाबांनी कोपराखाली पाचला ‘दोन’ सांगितलं. मी एक लावलं, ‘एक’. पुन्हा पाचवर दोन, ‘दोन’. एकही चूक नाही.

शेवटी सुईचा माणूस. पुस्तकातले आकडे साध्यासुध्या माणसांचे असणार, शिंप्याचे नाही.

बाबा वाळलेत हे मात्र खरं. अंगठा आणि तर्जनीच्या मधे मागच्या बाजूला खळगा पडलाय, हाताची हाडं एकेक मोजून घ्यावीत अशी दिसतात. अभ्यासाला फार सोपं पडतं. बरगडीच्या घरी तिचा भाऊ आहे, त्याचा हात म्हणजे उशी, त्यावर काय दिसणार.

बरगडी म्हणजे माझी मैत्रीण. पहिल्याच दिवशी आम्हाला बरगड्या शिकवल्या आणि त्या दाखवायला सांगाड्यापेक्षा ती सोयीची पडली. तेव्हापासून नाव पडलं. तीही दुसऱ्यांदा बसतेय.

१९ फेब्रुवारी

बरगडीने आपला तक्ता दाखवला. फुल्याच फुल्या. तिचा भाऊ बोटाच्या टोकालासुद्धा चुकतो, टाचणी लावायच्या आधीच ‘आई गं’ म्हणतो. माझा तक्ता तिने उलटा-सुलटा करून पाहिला.

‘तुझे बाबा माणूस आहेत की यंत्र?’

‘कारागीर आहेत.’

‘मग माझ्या भावाला त्यांच्याकडे शिकायला पाठवते.’

हसलो दोघी. पण घरी येताना तिच्या फुल्या डोळ्यांपुढे येत राहिल्या. सगळ्यांच्याच तक्त्यात फुल्या आहेत. माझ्यात नाहीत. मग मी मनाशी म्हटलं, दुधात साखर पडली तर माणसाने साखर वेचत बसायचं का? आणि ते पुरलं मला.

२५ फेब्रुवारी

आज हाताच्या तिन्ही नसा पेनने बाबांच्या हातावर काढल्या. रेडियल हिरव्या शाईने, मीडियन निळ्या, अल्नर लाल. अल्नर कोपराच्या आतल्या बाजूने हाडाच्या खाचेतून खाली उतरते, तिथे तिच्यावर मांस नाही की चरबी नाही, नुसती कातडी. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच. मी सगळं मोठ्याने म्हणत होते, बाबा विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

‘आणि करंगळी पूर्ण हिची,’ मी म्हटलं, ‘आणि अनामिका अर्धीच. करंगळीकडची अर्धी अल्नरची, दुसरी अर्धी मीडियनची. बोटाच्या मधोमध सीमा. हे परीक्षेत हमखास विचारतात.’

‘एका बोटात दोन मालक,’ बाबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, ‘आपटलं की झिणझिण्या. आणि रोजच टेकलं तर गं? वर्षानुवर्षं?’

‘तर नस चिडणार. ते दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला विचारत नाहीत.’

‘चिडली तर परत हसते का?’

मी म्हटलं, ‘बाबा, माझा विषय भरकटवू नका.’ तीन आठवड्यांवर परीक्षा आणि यांना गमती सुचतात. करंगळी सरळ ठेवा म्हणून चारदा सांगितलं तरी वाकडीच. मी धरून सरळ केली, सोडली की पुन्हा वाकडी. हट्टी माणूस.

३ मार्च

आज मी घरात तोंड सोडलं. सगळं लिहिते.

दुपारी घरी आले तर आई बाबांच्या खुर्चीत बसून कोटाला काज करत होती. मागच्या आठवड्यात अस्तराची हातशिलाई करताना दिसली, त्याच्या आधी बटणं लावताना. बाबा शेजारी बसून नुसतं दाखवतायत, इथे घे, तिथे घे. एक गिऱ्हाईक कोट परत देऊन गेलं होतं, कॉलरची शिलाई सरळ नाही म्हणून. बाबांची शिलाई सरळ नाही. हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘आई, तुझी कंबर दुखते आणि तू यांचं काम ओढतेस? आणि बाबा, तुम्हाला कंटाळा आला असेल तर तसं सांगा ना. हातातून कापड सुटतं, कात्री पडते, इस्त्रीने हात भाजतो. मी इकडे मरमर मरतेय आणि घरात कुणाचं कशात लक्ष नाही.’

आई सुई खाली ठेवून काहीतरी बोलणार होती. बाबा म्हणाले, ‘वीस तारखेपर्यंत काही नाही.’ तिला म्हणाले, मला नाही. ती पुन्हा काज करायला लागली. मला वाटलं, माझ्या परीक्षेपर्यंत भांडण नको असं म्हणतायत. रागाने जेवलेच नाही, आणि संध्याकाळी भूक लागली तेव्हा आईने गुपचूप ताट वाढून ठेवलेलं सापडलं. रागाची काही किंमतच राहत नाही अशाने.

९ मार्च

आज शवविच्छेदनाच्या खोलीत हात होता. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना सगळे हाडंबाई म्हणतात, हाडांवर जीव आणि माणसांवर राग म्हणून. त्यांनी चिमट्याने अल्नर उचलून माझ्या हातमोज्यावर ठेवली. बुटाच्या लेसएवढी जाड असेल, मळकट पांढरी. माणूस एवढ्याशा दोरीवर हात चालवतो.

हाडंबाई म्हणाल्या, ‘ही गेली तर?’

मी घडाघडा म्हटलं, ‘करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना जाते. दोन्ही बोटं वाकडी होतात. हाताचे छोटे स्नायू वाळतात, अंगठा-तर्जनीच्या मधे खळगा पडतो. चिमटीत जोर राहत नाही.’

‘शाबास. पाठ छान आहे,’ असं म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. एका वर्षात पहिल्यांदा शाबास म्हणाल्या. मी दिवसभर तरंगत होते.

१४ मार्च

बारावी बैठक संपली. तक्ता पूर्ण. बारा पानं, बारा वेळा ‘हो’ वर खूण. आज खूण करताना पेन जरा अडलं. बाबा आजही भिंतीकडेच बघत होते, आणि मी टाचणी हातात घेतली की लावायच्या आधीच त्यांचे ओठ हलायचे. पण बारावं पान आहे, अकरा ठिकाणी ‘हो’ लिहून एका ठिकाणी ‘नाही’ लिहिलं तर बाकीची अकरा खोटी पडतात. एकदा खोटं लिहिलं की त्याला सोबत लागते. लिहिलं ‘हो’.

बाबांनी विचारलं, ‘सगळं बरोबर ना? कुठे कमी नाही ना पडलो?’

‘पैकीच्या पैकी,’ मी म्हटलं. ते इतके खूश झाले की पेपर जणू त्यांचाच होता.

१९ मार्च

उद्या.

बाबांनी परीक्षेसाठी नवा पांढरा एप्रन शिवलाय. यंत्रावरची शिलाई बाबांची, हातशिलाई आईची. डावा खिसा किंचित वाकडा आहे. घालून आरशासमोर उभी राहिले. मागे बाबा टेबलाशी बसले होते, नेहमीसारखे डावं कोपर टेकून, आणि आरशात मला त्यांचा चेहरा, हात, टेबलावरच्या टाचण्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. ‘डॉक्टर दिसतेस,’ म्हणाले. ‘फिजिओथेरपिस्ट,’ मी म्हटलं. ‘तेच ते,’ म्हणाले.

आरसा पुसायला हवा, असंच काहीतरी मनात आलं. का आलं कुणास ठाऊक. झोपते.

२० मार्च

घरी आले. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

टेबलांचा भाग छान गेला. या वेळी रिकामं टेबल अकरावं होतं. तिथे मी पेन खिशात घातलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. बरगडी दहाव्या टेबलावरून माझ्याकडे बघून हसली.

मग तोंडी. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, आवाज अगदी मऊ. शेजारी हाडंबाई. सर माझा तक्ता चाळत होते.

‘हे वडील? काय करतात?’

‘शिंपी आहेत सर. कोट शिवतात.’

‘कोपराखाली पाच मिलिमीटर. दोन. बरोबर. पुन्हा पाच. दोन. बरोबर.’ त्यांनी चष्मा काढला. ‘मुली, तिथे माझ्या हाताला चाळीस लागतात.’

‘सर, त्यांचा हात सुईचा आहे.’

‘बोटं सुईची असतील. कोपराखाली सुई कोण चालवतं?’

हाडंबाई हसल्या नाहीत. मी तर काय हसणार.

‘डोळे मिटले होते?’

समोर पान उघडं. माझ्याच हातची खूण, ‘हो’. नुसतं ‘हो सर’ म्हणायचं होतं, ते तर मी बारा वेळा लिहिलेलंच होतं. चाळीस गुण. ‘नाही’ म्हटलं तर तक्ता बाद, तक्ता बाद तर मी बाद. हाडंबाई खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

‘नाही सर. भिंतीकडे बघत होते.’

‘भिंतीवर काय आहे?’

मी आमची भिंत आठवली.

‘आरसा आहे सर.’

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिलं पान उचलून उजेडासमोर धरलं. ‘इथे खोडलंय. आधी काय होतं?’

‘चुका. त्या वेळी डोळे मिटले होते. पाच चुका झाल्या. त्यांना पेंग आली म्हणून… म्हणजे ते म्हणाले, पेंग आली.’

‘कुठल्या बोटांना चुकले?’

‘शेवटी शेवटी चुकले सर. करंगळी. आणि अनामिका.’

‘पाचही चुका तिथेच?’

‘हो.’

मग सरांनी आणखी मऊ आवाजात विचारलं, ‘शिवताना डावं कोपर टेबलावर टेकतात?’

मी मान हलवली. हाडंबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

सरांनी तक्ता मिटून माझ्या हातात दिला. ‘हा मी घेत नाही. उद्या दुपारी चारपर्यंत मी इथेच आहे. डोळे मिटून नवा तक्ता कर, एकच बैठक, आणि जे येईल ते लिही. फुल्या आल्या तर फुल्या लिही. मी तपासणार आहे ते तू खरं लिहितेस की नाही, हात कसा आहे ते नाही. आणि येताना वडिलांना बरोबर घेऊन ये.’

बाहेर बरगडीने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘पुन्हा करायला सांगितलंय.’ घरापर्यंत चालत आले. खळगा. वाकडी करंगळी. फोड. कापड हातातून सुटतं. नऊ तारखेला हे सगळं मी हाडंबाईंना एका दमात म्हणून दाखवलं होतं आणि शाबासकी घेतली होती. वाटेत चार वेळा मनात आलं आणि चारही वेळा मी ते ढकलून दिलं. असेलच असं नाही. पेंगत असतीलही. माणूस पेंगतोच ना.

घरी बाबा दारातच उभे. ‘झाली पास?’ मी म्हटलं, ‘उद्या सांगतात.’

२१ मार्च

सकाळी आठला, दुकान उघडायच्या आधी बसलो. मी आरशावर चादर टाकली. बाबा त्या चादरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नको करू हे. जुनाच दे.’

‘जुना घेत नाहीत.’

‘मग माझ्याऐवजी आईचा हात घे.’

‘बाबा, तुमचाच हवाय. डोळे मिटून. आज नाही दिला तर माझं नाव जाईल.’

आई आतल्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘मी यांना गेल्या पावसाळ्यापासून सांगतेय, दाखवून या. तर म्हणतात, तिची परीक्षा होऊ दे. आता दाखवलं तर ती कॉलेज सोडून यंत्रावर बसेल.’

‘बसली असतीच,’ बाबा म्हणाले. ‘मी ओळखत नाही का हिला.’

पावसाळ्यापासून. म्हणजे हात जात होता तेव्हा हा माणूस रोज दुपारी तोच हात माझ्यापुढे ठेवून बसत होता, मला पैकीच्या पैकी मिळावेत म्हणून. आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते. मला त्यांचा राग आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. ‘द्या हात,’ एवढंच म्हटलं.

त्यांनी हात टेबलावर ठेवला. ‘तुझं नाव राहतंय ना याने? मग घे,’ म्हणाले आणि डोळे मिटले. घट्ट, लहान मुलं मिटतात तसे. पानावरच्या छापील ओळीत मी ‘हो’ वर खूण केली. तेराव्या वेळी खरी.

अंगठा. ‘टोक.’ बरोबर. तर्जनी. ‘बोथट.’ बरोबर. मधल्या बोटाला एकदा चुकले, साधी, माणसासारखी चूक, मी फुली मारली. अनामिकेची अंगठ्याकडची बाजू. ‘टोक,’ लगेच म्हणाले. बाबांचा चेहरा जरा सैलावला. बरं चाललंय असं त्यांना वाटलं असावं. आई दारातून दोन पावलं पुढे आली.

मी टाचणी त्याच बोटावर अर्धा इंचसुद्धा नाही, अगदी जराशी पलीकडे नेली. मधोमधच्या सीमेपलीकडे. टोक लावलं. डोकं लावलं. पुन्हा टोक. मग करंगळीचं टोक, करंगळीची कड, फोडाचा डाग पडलाय तिथे, तळहाताची कड. एकेक चौकोन, एकेक फुली. पुस्तकात काढलीय तशीच रेषा, तिथल्या तिथे. दोन महिने मी ही रेषा पाठ करत होते. पेनने याच बोटावर काढलीही होती.

आई माझा हात बघत होती, टाचणी कुठे कुठे जातेय ते. तिने तोंडावरचा पदर काढला नाही.

बाबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून वाट बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘थांबलीस का गं? कर की पुढे, चारला पोचायचंय आपल्याला.’

मी थांबले नव्हते. टाचणी त्यांच्या करंगळीवरच होती.